बावीसशे मीटर खाली

१२ जानेवारी, रविवार

औषधकंपनीचा माणूस दुकानात डायऱ्या वाटून गेला. मालकांनी, धर्मेशभाईंनी, एक माझ्याकडे सरकवली. "ले लो स्नेहल, कुछ लिखना." वाटलं, घ्यावी. प्रत्येक पानाच्या डोक्यावर कसली तरी गोळी आहे. आजच्या पानावर पित्ताची.

काय लिहायचं? दिवसभर केबिन रोडवर मेडिकलच्या काउंटरमागे उभी असते. लोक माझ्याशी बोलतात ते खोकल्याबद्दल, जुलाबाबद्दल. घरी येऊन बोलावं तर उदय समुद्रावर. लग्नाला पाच वर्षं झाली, त्यातला निम्मा काळ तो पाण्यावर. आता तर पाण्याखाली.

आधी तो तेलाच्या विहिरींवर होता. जहाजावर बसून खाली कॅमेऱ्याचं यंत्र फिरवायचा, माणूस कोणी खाली जात नसे. दिवाळीपासून 'अथांग' नावाच्या कंपनीत लागलाय. ते लोकांना छोट्या पाणबुडीत बसवून लक्षद्वीपच्या पलीकडे नेतात, बावीसशे मीटर खाली, बुडालेली एक जुनी आगबोट बघायला. उदय पायलट. आत तो आणि दोन पाहुणे. पाणबुडीला नाव चांगलं आहे, 'नीलिमा', पण जहाजावरचे सगळे तिला डबाच म्हणतात. आपल्या मोरीपेक्षा थोडी मोठी, असं तो सांगतो. उभं राहता येत नाही.

आईंना मात्र भारी कौतुक. सासरे मरेपर्यंत स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात राबले, परभणी सोडून इथे नवघरला आले ते त्यासाठीच. आणि त्यांचा मुलगा समुद्राच्या तळाला जातो! भाजीवाल्यालासुद्धा सांगून झालंय.

२ फेब्रुवारी

उदय तीन दिवसांपूर्वी आला. चेहरा उतरलाय. मी विचारलं तर म्हणाला, झोप नाही.

आज गॅलरीत बसलो होतो. आपणहून म्हणाला, "खाली जाताना आवाज येतात."

"कसले?"

"टक्. मग बराच वेळ काही नाही. मग परत टक्. भिंतीतून."

मग त्याने समजावलं. डब्याची भिंत लोखंडाची नाही. कार्बन फायबर, म्हणजे केसासारखे धागे डिंकात भिजवून गुंडाळायचे, दोऱ्याचं रीळ गुंडाळतात तसे. त्यातला एखादा धागा तुटला की टक्. त्यांचे मालक नीरज सर म्हणतात, कच्चे असतात ते धागे आधी तुटून जातात, उरलेलं घट्ट बसतं.

"मग बरोबरच आहे," मी म्हटलं. "आपलं नवं कपाट नाही का, वर्षभर कुरकुरत होतं."

तो हसला. "कपाटावर दोन किलोमीटर पाणी नव्हतं, स्नेहल."

मग उठून आईंबरोबर मटार सोलायला बसला. मला वाटतं तो फार विचार करतो. पहिल्या वर्षी सगळ्यांनाच नवी नोकरी जड जाते.

१६ फेब्रुवारी

भांडलो. छोटंसंच.

त्याला डब्याच्या भिंतीचा स्कॅन हवाय. म्हणजे आपण पोटाची सोनोग्राफी करतो तशी. सर म्हणतात सीझन संपल्यावर, आत्ता बुकिंग आहेत. बाहेरच्या कोणी तपासून सर्टिफिकेट दिलंय का, तर तेही नाही. ते सक्तीचं नाही म्हणे.

मी म्हटलं, "एवढं खटकतंय तर सोड ना नोकरी. परत यंत्र फिरव."

"सोडली तर त्या नव्या पोराला पायलट करतील. पंचवीस वर्षांचा आहे. त्याला अजून आवाजातला फरक कळत नाही."

"त्याचं तो बघेल."

"आणि मागे बसलेले दोघं?"

रागाने म्हटलं की तुला जगाची काळजी, घरची नाही. आईंनी टीव्हीचा आवाज वाढवला. आम्ही भांडलो की त्या असंच करतात.

२३ फेब्रुवारी, रविवार

आज नीरज सर घरी आले! वरसावेच्या हॉटेलात त्यांची कसली तरी मीटिंग होती, तिथून थेट. चार मजले चढून आले, लिफ्ट बंद होती, तरी दम लागला नाही. चाळिशीचे असतील. साधे आहेत. खाली मांडी घालून आईंच्या हातची भाकरी आणि ठेचा खाल्ला, डोळ्यांत पाणी आलं तरी परत मागितला.

आईंनी विचारलं, "साहेब, ते पानी आत तर न्हाई ना येत?"

"आई, मी स्वतः किती वेळा जाऊन आलोय," ते म्हणाले. "उदय चालवत असला की मला तर खाली झोप लागते."

आई इतक्या हसल्या. उदय तेव्हा बेसिनवर हात धूत होता. बराच वेळ धूत होता.

निघताना दोघं जिन्यात थांबले. मला फक्त सरांचं शेवटचं ऐकू आलं, "सीझन होऊ दे, मग खोलू. शब्द देतो."

मला आवडले ते. असा माणूस खोटं कशाला बोलेल? उदयला तसं म्हटलं तर तो म्हणाला, "खोटं नाही बोलत तो. त्याला खरंच तसं वाटतं." हे त्याने कौतुकाने म्हटलं की कसं, ते कळलं नाही.

६ मार्च

उदय आज निघाला.

काल त्याने आईंना जेसल पार्कच्या खाडीवर फिरवून आणलं. आल्यावर दोघंही खूश. आज सकाळी गीझरची वायर बदलली, माझ्या स्कूटीत हवा भरून आणली. मी म्हटलं, पंधरा दिवसांसाठी जातोयस, पंधरा वर्षांसाठी नाही.

बॅग भरताना मी विचारलं, ते आवाज शेवटपर्यंत येत होते का? म्हणाला, गेल्या खेपेला वर येताना एकदाच आला. मोठा. बंदुकीसारखा. त्यानंतरच्या फेरीत काहीच नाही. सगळं शांत.

"म्हणजे मिटलं एकदाचं!" मी म्हटलं. खरंच बरं वाटलं मला. "बसलं ना घट्ट?"

त्याने बॅगेची चेन अर्धवट लावली, परत उघडली. मग म्हणाला, "हं."

रिक्षा येईपर्यंत त्याने माझा हात सोडला नाही. खालच्या रंभाकाकू बघत होत्या, मला लाज वाटली.

१७ मार्च

फोन आला. समुद्र ताटासारखा सपाट आहे म्हणाला. उद्या खाली जाणार. पाहुणे पुण्याचे, एक निवृत्त डॉक्टर आणि त्यांची मुलगी, कृतिका. मुलगी कॉलेजात आहे, वडिलांपेक्षा तिलाच उत्साह जास्त. तिने विचारलं म्हणे, खाली माशांना आपण दिसतो का?

"मग तू काय सांगितलंस?"

"म्हटलं, उद्या त्यांनाच विचारू."

आवाज बरा वाटला त्याचा. आईंशी बोलला, काय भाजी केली ते विचारलं. चवळी, म्हटल्यावर म्हणाला, बरं झालं मी नाहीये.

१८ मार्च, मंगळवार

दुकानात असताना कंपनीतून फोन आला. कोणी बाई होत्या, हळू बोलत होत्या. नीलिमाशी संपर्क तुटलाय. खाली जाताना तुटला. पाण्यात फोन चालत नाही, जहाजावरून आणि डब्यातून छोटे छोटे मेसेज पाठवतात, ते बंद झालेत. असं आधीही झालंय, काळजी करू नका, शोध सुरू आहे.

मी विचारलं, "वर कधी येणार होते?"

"दुपारी," त्या म्हणाल्या. तेव्हा संध्याकाळ होत आली होती.

धर्मेशभाईंनी शटर अर्ध्यावर ओढलं आणि मला स्कूटी चालवू दिली नाही. स्वतः सोडायला आले.

आईंना सांगितलं, मशीनची बॅटरी गेली असेल. त्या म्हणाल्या, "मग दुसरी टाकतील की."

१९ मार्च

आत चार दिवस पुरेल एवढी हवा आहे. कंपनीच्या त्या बाईंनी आज दोनदा सांगितलं. चार दिवस म्हणजे खूप असतात. जहाजं निघालीत, विमानं फिरतायत. टीव्हीवर उदयचा फोटो दाखवतायत, आमच्या लग्नातला, माझी बाजू कापलेला. 

आणि आज मोठी गोष्ट झाली. रोशनचा फोन आला. रोशन म्हणजे उदयचा जहाजावरचा जोडीदार, मीरा रोडचाच. उदय खाली असतो तेव्हा जहाजावर मेसेजच्या टेबलाशी हाच बसलेला असतो. कोणाच्या तरी फोनवरून बोलत होता, घाईत, रडत.

"वहिनी, मेरे को बोलने नहीं दे रहे. वहिनी, आवाज आला होता. आम्ही सगळ्यांनी ऐकला. पूरे जहाज ने सुना..."

आणि फोन कट. परत लावला तर बंद.

आवाज आला! म्हणजे आतून ठोकतायत. जिवंत आहेत. मी ओरडतच आईंकडे गेले. आईंनी मला धरलं, आणि आम्ही दोघी स्वयंपाकघरात खाली बसून रडलो. मग त्यांनी एक वाटी घेतली आणि ओट्याच्या कडेवर वाजवून दाखवली, टण टण टण. "असं वाजवायला असंल," त्या म्हणाल्या. "हुशार हाय ते."

रंभाकाकूंना कळलं, त्यांनी बिल्डिंगभर सांगितलं. जेवण त्यांच्याकडूनच आलं. "दोन घास खा गो. तो आला आन् तू आजारी, असा न्हाय चालाचा."

रोशनने एवढं चांगलं सांगितलं, मग तो रडत का होता? आनंदाने असेल.

२० मार्च

पुण्याहून फोन. शुभदाताई, त्या डॉक्टरांच्या पत्नी. नवरा आणि मुलगी दोघंही आत. नंबर कुठून मिळाला कोण जाणे.

मग त्यांनी विचारलं, "तुमचे मिस्टर स्वभावाने शांत आहेत का हो?"

"हो. खूप."

"कृतिकाला अंधाराची भीती वाटते. अजून नाइटलॅम्प लावून झोपते. कोणाला सांगत नाही, पण... ते रागावणार नाहीत ना तिच्यावर?"

मी सांगितलं की उदय कोणावर रागावत नाही. माझ्यावर रागावला तरी मटार सोलायला जाऊन बसतो. त्या हसल्या आणि मग एकदम हुंदका आला त्यांना. मी आवाजाचं सांगितलं. त्या म्हणाल्या, "खरंच? नक्की?" मी म्हटलं, सगळ्या जहाजाने ऐकलाय.

२१ मार्च

आज हवेचा शेवटचा... नाही लिहीत.

टीव्हीवर एक जाणकार बसले होते. बोलता बोलता त्यांनी दोन्ही हातांमध्ये कागदाचा कप धरला आणि टाळी वाजवली. मी टीव्ही बंद केला. त्यांना आवाजाचं माहीत नाही. 

नीरज सरांना सकाळपासून फोन लावतेय, उचलत नाहीत. कामात असतील.

आईंना घरात बसवेना. त्यांना घेऊन खाडीवर गेले. ओहोटी होती, चिखल आणि त्यात एक कलंडलेली होडी. आईंनी विचारलं, "हेच पानी तिकडं जातं का गं?"

"हो आई. शेवटी सगळं एकच."

त्या वाकल्या, हात भिजवला. ओठ हलत होते. त्रिशरण म्हणत असतील, बुद्धं सरणं गच्छामि.

२२ मार्च

तुकडे सापडले.

आगबोटीपासून थोड्या अंतरावर, तळाला. डब्याचे. कॅमेऱ्याने दिसले.

भिंत फुटली. दाबाने आत चेपली. पहिल्याच दिवशी, सकाळीच, ते खाली जात असतानाच. म्हणजे मी दुकानात कोणाला तरी खोकल्याचं औषध देत होते तेव्हा. फोनवरच्या बाई म्हणाल्या, पापणी लवायच्या आत होतं हे. दुखत नाही. त्यांना कळलंही नसेल.

रोशनने ऐकला तो आवाज हा होता.

मी आईंना सांगितलं. कसं सांगितलं आठवत नाही. त्यांनी ओट्यावरची ती वाटी उचलली. मग म्हणाल्या, "मग ते वाजवायलं कोन?"

"कोणी नाही, आई."

"तू तर म्हनलीस."

"हो. मी म्हटलं."

३० मार्च

शुभदाताईंना मीच सांगितलं होतं, नक्की म्हणून. त्यांनी एका शब्दाने विचारलं नाही त्याबद्दल.

घर माणसांनी भरलेलं असतं. परभणीहून नातेवाईक आलेत. सगळे म्हणतात, पुण्यानुमोदन करून घ्या, भंतेजींना बोलवा, चार माणसांत उदयच्या नावाने वंदना होऊ दे. आईंनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "कशाचं? माती न्हाई, राख न्हाई. उद्या लेकरू दारात आलं तर मी फोटोला हार घालून बसलेली दिसू काय त्याला?"

कोणीतरी समजवायला लागलं तर त्या उठून आत गेल्या आणि कणीक मळायला घेतली. कोणाला भूक नव्हती. त्यांनी चपात्या केल्या, पुष्कळ केल्या.

१४ एप्रिल

जयंती. दरवर्षी नवघरच्या मिरवणुकीत उदय पुढे असायचा, निळा फेटा बांधून, घसा बसेपर्यंत ओरडायचा. घरी असला तर. या वर्षी रजा काढून राहणार होता.

आज मिरवणूक आमच्या गल्लीत आली आणि बिल्डिंगखाली ताशे एकदम थांबले. पोरांनी ठरवलं असणार. सगळी मान खाली घालून, आवाज न करता चालली होती. मी पडद्याआड उभी होते.

आई गॅलरीत गेल्या. कठड्याला धरून खाली ओरडल्या, "वाजवा रे! थांबलात कशाला? काय झालंय हितं? वाजवा!"

पोरं वर बघत राहिली. कोणीच वाजवेना. आई परत ओरडल्या, आवाज फाटला त्यांचा. तेव्हा एका पोराने रडत रडत टिपरू मारलं, मग दुसऱ्याने, मग सगळे. आई शेवटचा माणूस वळेपर्यंत टाळ्या वाजवत होत्या.

मी त्यांना आत आणलं. त्यांना साखर-पाणी दिलं आणि मी मोरीत जाऊन नळ सोडून बसले.

९ मे

कंपनीने पेपरात निवेदन दिलंय. सगळी काळजी घेतली होती. डब्यात भिंतीचे आवाज ऐकणारं यंत्र होतं. धोक्याच्या वेळी काय करायचं तो निर्णय सर्वस्वी पायलटचा असतो. सरळ कोणी म्हटलं नाही की उदयची चूक. पण आज दुकानात एक गिऱ्हाईक पेपर दाखवत म्हणालं, "पायलट ने ध्यान नहीं दिया, बोलते हैं." त्याला माहीत नव्हतं मी कोण. धर्मेशभाईंनी त्याच्या हातातून औषधाची पट्टी काढून घेतली. "दूसरी दुकान देखो."

चौकशी समिती नेमलीय. मी त्यांना जाऊन सांगून आले, त्याने स्कॅन मागितला होता, मला घरी येऊन सांगितलं होतं. त्यांनी लिहून घेतलं. नीरज सर बाहेर बाकावर बसले होते. दाढी वाढलेली, ओळखू आले नाहीत. मला बघून उभे राहिले. म्हणाले, "पुढच्या फेरीला मी जाणार होतो. मीच." मला वाटलं होतं समोर आले तर मी ओरडेन. मी तशीच पुढे गेले.

शुभदाताई आठवड्यातून एकदा फोन करतात. दर वेळी एकच विचारतात, "कृतिकाला कळलं नसेल ना हो?"

"नाही. कळायला वेळच नव्हता."

हे मीही घेते, रोज सकाळ-संध्याकाळ, औषधासारखं. त्याला कळलं नाही. तो काहीतरी गंमत सांगत असेल माशांची, आणि संपलं. यावर मी उठते, दुकानात जाते, परत येते.

२८ जून, शनिवार

रोशन आला होता. इतके दिवस त्याला तोंड उघडायची बंदी होती. परवा समितीपुढे त्याचं सांगून झालं, म्हणून आज थेट घरी. वाळलाय. पाणी दिलं तर ग्लास दोन्ही हातांनी धरला.

आई समोर बसल्या होत्या. मी त्याला खुणावलं की नको. तो म्हणाला, "नाही वहिनी, आईंना ऐकू दे. पेपरवाले काय पण छापतायत. उदयभाईने सगळं बरोबर केलं होतं."

मग त्याने सांगितलं. डबा खाली न्यायला बाजूंना लोखंडी वजनं लावलेली असतात. वजनांमुळे तो बुडतो. वर यायचं असलं की पायलट ती सोडून देतो. त्या दिवशी ते तळाजवळ पोचत आले होते. आणि रोशनच्या टेबलावर उदयचा मेसेज आला : वजनं सोडली. वर येतोय.

तळ बघायच्या आधीच. पाहुण्यांनी एवढी वाट बघितलेली आगबोट न बघता.

"म्हणजे त्याला आत काहीतरी ऐकू आलं," रोशन म्हणाला. "आणि त्याने एक सेकंद पण नाही घालवला. समितीला मी हेच बोललो. आणि खाली ती वजनं पण सापडली, तुकड्यांपासून वेगळी पडलेली. कंपनीने हा मेसेज दाबून ठेवला होता."

मी भिंतीला हात लावला.

आई पुढे सरकल्या. "परत सांग रे बाबा. काय म्हनला ते?"

"वर येतोय, म्हणाला."

"म्हंजे माघारी निघालता?"

"हो आई. निघाला होता."

आईंनी माझ्याकडे बघितलं. इतक्या महिन्यांत त्यांचे डोळे असे नव्हते. "ऐकलंस का गं? घरी यायलता. तिथं बसला न्हाई लेकरू, माघारी यायलता." मग रोशनकडे वळल्या. "किती वर आलता?"

रोशनने ग्लास खाली ठेवला.

"सांग की. किती आलता वर?"

"थोडा, आई. थोडाच."

"थोडा का असंना," आई म्हणाल्या. त्यांनी आपला तळहात जमिनीपासून जरासा उचलून धरला, वीतभर, आणि त्या उंचीकडे बघत राहिल्या. मग पदर तोंडाला लावला आणि मोठ्याने रडल्या. तुकडे सापडल्यापासून पहिल्यांदा. अशा रडल्या की रंभाकाकू जिना चढून धावत आल्या.

रोशनला सोडायला मी खालपर्यंत गेले. दरवाज्यात विचारलं, "मेसेज आणि तो आवाज. मधे किती वेळ गेला?"

"वहिनी, नका विचारू."

"सांग."

तो रस्त्याकडे बघत म्हणाला, "मी मेसेज घेऊन वर नीरज सरांकडे गेलो. ते कॉफी पीत होते. त्यांनी वाचला, बोलले, ठीक आहे, येऊ दे. मी परत खाली आलो, खुर्चीत बसलो. तेव्हा आला आवाज."

म्हणजे एवढा वेळ. जहाजाचा जिना चढून, साहेबांशी बोलून, जिना उतरून येण्याइतका. एवढा वेळ उदयला माहीत होतं. भिंतीचे धागे तुटताना ऐकत होता, आणि मागे कृतिका बसलेली. तिला काय सांगितलं असेल त्याने? काही नाही, मशीन जरा कुरकुरतंय, उद्या परत येऊ? आवाज शांत ठेवला असेल. मला त्याचा तो आवाज ठाऊक आहे.

ज्या एका गोष्टीवर मी उठत होते ती आज गेली.

६ जुलै, रविवार

पुण्यानुमोदन झालं. आईंनीच दिवस ठरवला, फोटो त्यांनीच निवडला. पांढरी साडी नेसून भंतेजींसमोर बसल्या, वंदना म्हटली, एक शब्द चुकला नाही. मीही पांढरं नेसले. पोरं निळे फेटे हातात घेऊन मागे उभी होती.

जेवणाच्या पंगतीत आई प्रत्येकाला थांबवून सांगत होत्या. परभणीच्या आत्याला, धर्मेशभाईंना, रंभाकाकूंना, कोणालाही. "माजा उदय माघारी निघालता. वजनं सोडून दिलती त्यानं." लोक मान हलवत होते. धर्मेशभाईंना मराठी अर्धं समजतं, तरी ते आईंचा हात धरून उभे राहिले.

त्याच वेळी शुभदाताईंचा फोन आला. समितीचं काम संपत आलंय, त्यांनी ऐकलंय. भीत भीत विचारत होत्या, काही नवीन कळलं का हो तुम्हाला? कृतिकाला... नेहमीचंच.

"नाही ताई," मी म्हटलं. "कळायला वेळच नव्हता."

आतून आईंचा आवाज येत होता, मोठा, ठाम. यायलता, यायलता. मी फोन घेऊन गॅलरीत गेले आणि मागे दार ओढून घेतलं, आतलं शुभदाताईंना ऐकू जाऊ नये म्हणून.